संकासूर

रत्नागिरी तालुक्यातल्या ज्या वाडीत नमन या लोकनाट्याचं मंडळ आहे, तिथे त्यातलं संकासुराचं सोंग घेणारा एक संकासूर असतोच. आधारकार्डावर त्याचं नाव वेगळं असतं, पण ते फक्त बँकेला ठाऊक. रेशनच्या रांगेतसुद्धा लोक "ओ संकासूर, पुढं सरका" म्हणतात आणि तोही मोठ्या हक्कानं सरकतो.

पुराणातल्या संकासुरानं वेद पळवले, म्हणून विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागला. आमचा त्या मानानं सज्जन. तो फक्त दुसऱ्यांचा वेळ पळवतो. काळा पायघोळ झगा, उंच टोकदार टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा अशा थाटात एकदा घुसला, की गौळणीतला कृष्ण मृदंगवाल्यांच्या मागं बासरी धरून ताटकळतो. पुढच्या ओळीतली पोरं रडायला लागल्याशिवाय आपला प्रवेश झाला, असं त्याला वाटतच नाही.

एरवी तो हापूसच्या बागेत फवारणी करतो. बागायतदाराचं दुर्दैव असं, की आंबा तयार होणं आणि शिमगा येणं यांची नेमकी गाठ पडते. वाशीला पेट्या पाठवायच्या असतात आणि गडी पालखीबरोबर!

"निदान सकाळचा तरी ये रे."

"सकाळ पालखीची, रात्र नमनाची. मधी वेळ गावला तर झोपेन म्हणतो."

घरात मात्र हा महिनोन्‌महिने 'हं' आणि 'नाय' एवढ्यावर भागवतो. बायको म्हणते, "चार वाक्यं आमच्यासाठी पण राखून ठेवा." त्यावर तो 'हं' म्हणतो.

त्याच्या कलाविषयक मतांना तोड नाही. राज्य नाट्य स्पर्धेतलं एक नाटक त्यानं शहरात सावरकर नाट्यगृहात जाऊन पाहिलं. बाहेर येऊन निकाल दिला, "नट चांगले होते. प्रेक्षकांनी काय काम केलं नाय." त्याच्या हिशेबी समोरच्यानं उलट बोललं नाही, तर सोंग उतरवून घरी जावं. मुंबईच्या चाकरमानी पुतण्यानं यंदा संवाद छापून आणले, तेव्हा तो ते उलटसुलट बघत म्हणाला, "लिहिलेलंच वाचायचं तर तलाठ्याला उभा करा."

योहान हाइझिंगा या डच इतिहासकारानं 1938 साली आख्खा ग्रंथ लिहून संस्कृती खेळातून उगवते, असं मांडलं. आमच्या संकासुराला हे सांगितलं, तर त्यानं विचारलं, "त्यांच्यात मृदंग कोण वाजवतं?" कोणीच नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

पण त्याची खरी करामत पुढेच. गेल्या शिमग्यात भर अंगणात त्यानं सरपंचांना विचारलं, "नळ बसवलात, झ्याक झालं. आता त्यात पाणी घालायचं, की शोभेला ठेवायचा?" सगळी वाडी हसली आणि सरपंचही हसले, कारण संकासुरावर रागावणारा माणूस त्याच रात्री पुन्हा सोंगात येतो. हाच प्रश्न तो ग्रामसभेत विचारू शकला नसता. तिथे तो मागच्या भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत असतो. झगा चढला, की मात्र खोत, सावकार, पुढारी सगळे सारखेच. खोटी दाढी लावल्यावरच खरं बोलता येतं, ही सोय आपल्या पूर्वजांनी विचार करूनच ठेवली असणार.

म्हणून माझं ठाम मत आहे, की गावात एक वेळ सभागृह नसलं तरी चालेल, पण संकासूर पाहिजे. पुढच्या शिमग्याला रत्नागिरीकडे आलात, तर रात्रीचं नमन चुकवू नका. फक्त पहिल्या रांगेत बसू नका, आणि बसलातच तर त्यानं विचारल्यावर पगार सांगू नका.