भोरड्या, आप्पा आणि पाच मिलिवॅट

दुधनीच्या रानात जवारी निसवली की आप्पांचं अंथरूण घरातनं उठतं आणि माळ्यावर जातं. चार मेढी, वर फळ्या, फळ्यांवर कडबा, कडब्यावर घोंगडं. हातात गोफण. आप्पा म्हणजे माझे चुलते. सत्तरी उलटली तरी गोफणीचा आवाज असा काढतात की शेजारच्या रानातली म्हैस खाली बसते. "ढेकूळ लागायला नको रे, वाजायला पाहिजे," हे त्यांचं शास्त्र.

आमची भांडणं चिमण्यांशी नाहीत, भोरड्यांशी आहेत. गुलाबी अंगाचं, काळ्या डोक्याचं हे पाखरू पार मध्य आशियाकडनं थंडीत सोलापूरकडं येतं. नाकतोडे खातं म्हणून पुस्तकात त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हटलंय. पुस्तक लिहिणाऱ्याचं रान बहुतेक रुळाच्या पलीकडं असावं. दाणा चिकात आला की हा मित्र शेदोनशे सोबत्यांसह पंगतीला बसतो आणि उठतो तेव्हा कणसाची नुसती काडी उरते.

गेल्या डिसेंबरात आप्पांचा खांदा धरला. मी पडलो सोलापुरात शाळेत सायन्स शिकवणारा मास्तर. म्हटलं, "आप्पा, लेझर आणतो. हिरवा ठिपका कणसांवरनं फिरवला की पाखरू काठी आली समजून उडतं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या विद्यापीठानं मक्याच्या रानात असलं लेझरचं बुजगावणं उभं केलंय."

"गणपतीपुढं लावतेत तेच की? त्यानं पोरांचे डोळे गेले म्हणं."

आप्पा पेपर वाचतात ही अडचण आहे. मिरवणुकीतल्या लेझरनं दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि २०२४च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी त्या झोतांवर बंदीही घातली होती. "ते मोठं असतंय, हे खिशातलं," असं म्हणून मी विषय संपवला.

सोलापुरातल्या दुकानदारानं पहिल्यांदाच एक काळी नळी काढली आणि तिनं काडेपेटीतली काडी पेटवून दाखवली. "दहा किलोमीटर मारतंय सर." आमचं रान तीन एकर. चौकोनी धरलं तर एक बाजू एकशेदहा मीटर. उरलेले नऊ किलोमीटर आठशे नव्वद मीटर मी कुणाच्या रानात मारू? शिवाय जे काडी पेटवतं ते भोरडीला हुसकत नाही, तिचाच हुरडा करतं. पाखराला पळवायचंय, आंधळं करायचं नाही. आणि त्याच्याही आधी मास्तराला करायचं नाही.

म्हणून पाच मिलिवॅटच्या आतलं मागितलं, आणि हिरवंच. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात जास्त टोचतो. तेवढ्याच ताकदीचा ६५० नॅनोमीटरचा लाल ठिपका ५३२च्या हिरव्यापुढं आठ पट फिका दिसतो. पण हिरव्यात एक मेख असते. स्वस्तातल्या नळीत तो अदृश्य अवरक्त किरणांपासनं बनवतात, आणि ते अडवणारी काच पैसे वाचवायला गाळली की तेही बाहेर पडतात. दिसतच नाहीत, मग पापणी मिटणार कशी? नळीवरच्या चिठ्ठीवरही फार जाऊ नये. अमेरिकेच्या मानक संस्थेनं १२२ पॉइंटर तपासले, तर हिरव्यांतले जवळपास ९० टक्के नियमाबाहेरचे निघाले. अवरक्त गळती घरी तपासायची युक्तीही त्याच संस्थेनं सांगितली होती. तिला कॅमेरा लागतो आणि एक जुनी सीडी. सीडीचं पुढं येतंयच.

सोबत नारिंगी चष्माही घेतला. तो हिरवा प्रकाश अडवतो. इतका अडवतो की ठिपका कुठं पडलाय तेच दिसत नाही. घातला की राखण बंद, काढला की जिवाला घोर. आप्पांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "वेल्डिंगला निघालास का?"

वेळ अमावस्येच्या पहाटे माळ्यावर चढलो. उजाडायच्या आधीच जायचं, कारण ऊन पडलं की ठिपका विरून जातो. थंडीत नळी मंद जळत होती, तिला काखेत धरून ऊब दिली. आप्पांना नियम सांगितले: बीम वरनं खाली, कणसांवरच, आभाळाकडं नाही, रस्त्याकडं नाही, रुळाकडं तर मुळीच नाही, इंजिनात माणूस बसलेला असतो. पोरांच्या हातात द्यायची नाही.

"एवढं सगळं जपायचं, तर पाखरं कधी राखायची?" आप्पा म्हणाले.

तेवढ्यात बाभळीवरनं थवा उतरला. मी बटण दाबलं. शंभर मीटरवर बशीएवढा झालेला हिरवा ठिपका कणसांवरनं सरकला आणि अख्खा थवा भुर्रदिशी उठला. आप्पांनी गोफण मांडीवर ठेवली. त्यांच्या तोंडून "हात्तिच्या!" निघालं. मास्तराची छाती फुगली. मी ठिपका ऐटीत बांधापर्यंत नेला.

आणि रान पेटल्यासारखं झालं. बांधावर काहीतरी लखलखलं. एका ठिपक्याचे चार-पाच होऊन एक जवारीवर, एक बाभळीवर आणि एक थेट आप्पांच्या कपाळावर! आपतन कोन बरोबर परावर्तन कोन. वीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य आज स्वतः मला शोधत आलं होतं. बटण सोडलं. दोघंही डोळे मिटून बसलो. मग आप्पांनी सावकाश एक डोळा उघडला. "दिसतंय," म्हणाले. मग दुसरा. "यानंबी दिसतंय. दे ते इकडं." नळी घेतली आणि बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

झालं होतं असं, की पाखरं बुजावीत म्हणून काकूनं काठ्यांना दोरे बांधून जुन्या सीड्या टांगल्या होत्या. दुसऱ्यांच्या रानातही असतात. आता त्या सगळ्या काढायच्या. शिवाय तांब्या उपडा ठेवा, पत्र्याचा डबा झाका, गाडीचा आरसा वळवा, विहिरीकडं तर बघायचंच नाही. बावीस सीड्या गोळा होईस्तोवर ऊन आलं, ठिपका मेला, आणि भोरड्या निवांत जेवायला बसल्या. आप्पांनी गोफण फिरवली. आवाज झाला. पाखरं शेजाऱ्याच्या रानात गेली. शेजाऱ्यानंही गोफण फिरवली. पाखरं परत आली. हे असंच चालतं.

दुपारी वेळ अमावस्येच्या जेवणाला सगळं घर रानात आलं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पानं मांडताना बायकोनं सीड्यांचा ढीग बघितला, वरची उचलली आणि उलटी करून वाचली. शुभविवाह. खाली आमची दोघांची नावं.

"ही कुणी रानात टांगली?"

मी आंबिलीत बघत राहिलो. काकू परातीतनं मान न उचलता म्हणाली, "मीच की. सगळ्यांत त्यालाच जास्त भितेत पाखरं."