आत्याचं घंगाळ आणि बाथचा हौद

ती. आई-बाबा आणि आत्या,

कुकर लावलाय. तीन शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते, उरलेलं ओवी झोपल्यावर.

पार्सल शनिवारी पोचलं. मिरगुंडांचा चुरा झालाय, चमच्याने खातोय. मेतकूट शाबूत. बेसनाचे लाडू सतरा निघाले. वहिनी म्हणते वीस भरले होते. दादाला विचारा.

आई, तुझ्या घड्याळात सकाळचे सहा म्हणजे इथे रात्रीचा दीड, हे भिंतीवर लिहून ठेव. त्या वेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि तू सांगतेस काय, तर पडवीतलं घंगाळ चोरीला गेलं! बरं, गेलं. पण आत्याने त्यापायी शेजारच्या काकींशी बोलणं टाकलं, हे काही बरं नाही. आजवर विरजण संपलं की त्याच घरातून आणत आलोय ना आपण?

घंगाळावरूनच पुढचं सांगते. रविवारी आम्ही बाथला गेलो. हो बाबा, गावाचं नावच अंघोळ. आमच्या स्विंडनहून आगगाडीने जेमतेम अर्धा तास, कर्जतहून बदलापूरला गेल्यासारखं. तिथे जमिनीतून रोज अकरा लाख लिटरच्या वर पाणी येतं, 46 अंश गरम. रोमन लोकांनी त्यावर हौद बांधला, तळाला शिशाचे पत्रे घातले. तिकीट माणशी वीस पौंडांच्या वर, म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये उडाले. मनात हिशेब करायचा नाही असं माधव बजावतो, पण दहिवलीच्या बाजारात वाढलेल्या बाईला ते जमत नाही. एवढे पैसे मोजून आत गेलो तर पाटी काय, पाण्याला हात लावू नका!

पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन झालं की आपण उन्हेऱ्याला जायचो, आठवतं? आत्या लुगडं खोचून कुंडात पाय सोडून बसायची आणि ‘गेला गं वात’ म्हणत उठायची. इथे वाफेकडे बघायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. माधवने तिथल्या माणसाला कारण विचारलंच. पूर्वी हौदावर छप्पर होतं, आता नाही. उन्हाने शेवाळ धरतं आणि पाणी हिरवंगार होतं. शिवाय 1978 मध्ये या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी जंतुसंसर्गाने दगावली. मग मी गप्प बसले. शुद्ध केलेलं पाणी चाखायला मिळतं. आपल्या बोअरिंगचं पहिल्या दिवशीचं पाणी आठवा, तेच, कोमट.

आता आत्या, चष्मा लाव. त्या काळी कुणाचं काही चोरीला गेलं, की तो शिशाच्या पातळ पत्र्यावर चोराला शाप खरडायचा, त्याची घडी करायचा आणि सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकायचा. असे सुमारे 130 पत्रे सापडलेत. डोसिलियानस म्हणून एक होता, त्याचा टोपीवाला झगा गेला. चोर बाई असो की बाप्या, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये, पोरंबाळं होऊ नयेत, असं गाऱ्हाणं त्याने घातलंय. काचेपाशी उभी राहून वाचताना मला तुझाच आवाज ऐकू येत होता.

(शिट्ट्या चार झाल्या. भात गेला.)

बाहेर एव्हन नदीकाठी परेड गार्डन्स आहेत. फुलांचे ताटवे, हिरवळ, आरामखुर्च्या. पण गाव आपलं नसेल तर तिथेही तिकीट! नदीकाठी बसायला! ओवीने विचारलं, ‘आजीच्या नदीला किती पडतात?’ तिथेच सतरातले चार लाडू काढले. ईशान पहिला घास घेतोय तोच एका सीगलने वरून झडप घातली आणि अख्खा लाडू नेला. हातात तेवढा बेदाणा उरला. पोरगं रडायचं सोडून म्हणतं, ‘आई, पत्रा दे, शाप लिहितो.’

समोर पल्टनी पूल, 1774 चा, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. आपल्या उल्हास नदीवरच्या पुलावर वडेवाले बसवले तर कर्जतचा माणूस दहिवलीला पोचणारच नाही. पुलाखाली पायऱ्यापायऱ्यांचा बंधारा आहे. मी जरा डोळे मिटले होते. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज अगदी आषाढातल्या उल्हासचा, रात्री माजघरात झोपल्यावर येतो तसा. माधवने दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. उल्हासचं पाणी कुठवर आलंय? फोनवर विचारायचं राहिलंच. बाबा, पूल बघायला भर पावसात जाऊ नका, दादाला पाठवा.

घराला पोपटी रंग लावावा की नाही, यावर वहिनी-दादाचं काय ठरलं? बाथमध्ये रॉयल क्रेसेंट म्हणून तीस घरांची अर्धगोल रांग आहे, एक सोडून सगळी दारं पांढरी. एका बाईंनी 1970 च्या दशकात आपलं दार पिवळं केलं, तर नगरपालिकेने नोटीस धाडली. प्रकरण मंत्र्यापर्यंत गेलं आणि दार पिवळंच राहिलं. वहिनीला कळवा.

तुमची,
सुमी

ता. क. माजघरात गळतंय म्हणून दादाने काल फोटो पाठवलाय. तो जरा मोठा करून बघा. गळतीखाली भांडं कुठलं ठेवलंय? कडेला पोचा आहे, त्यात सुतळी बांधलेली कडी. आत्या, आधी काकींकडे विरजण मागायला जा.