टोलार खिंडीतली बूटपरीक्षा

ट्रेकच्या गटात माणसं नावानं ओळखली जात नाहीत, बुटांवरून ओळखली जातात. ऐन पावसाळ्यात हरिश्चंद्रगडासाठी खिरेश्वरला जीपमधून उतरलो, तेव्हा ओळखपरेड अशीच झाली. एक गृहस्थ नव्याकोऱ्या बुटांवर बाटलीतलं पाणी ओतून आत थेंबही शिरत नाही हे सगळ्यांना दाखवत होते. ते ‘वॉटरप्रूफ’ झाले. घोट्याच्या वर जाणारे, टणक सोलचे बूट घातलेले ‘हिमालय’. आणि लग्नाआधी घेतलेले बूट माळ्यावरून खोक्यासकट उतरवून आणणारे ‘माळा’. उरलेले आम्ही ‘ॲक्शन’ कंपनीच्या बुटांचे, म्हणजे ॲक्शनवाले. ओल्या कातळाला धरून राहतात म्हणून सह्याद्रीत वर्षानुवर्षं पायात असलेल्या या बुटांबद्दल कुणी चौकशी करत नाही. वाट दाखवायला गावातले मामा होते. त्यांच्या पायात प्लॅस्टिकचे भोकाभोकांचे पावसाळी बूट, तेही मोज्यांशिवाय.

भातखाचरांच्या बांधावरून निघालो तसं हिमालय यांचं व्याख्यान सुरू झालं. पूर्वी गिर्यारोहक बुटांना लोखंडी खिळे ठोकून चढत, मग 1937 साली इटलीच्या व्हिताले ब्रामानींनी खोल नक्षीचा रबरी सोल आणला, वगैरे. माहिती खरी होती. फक्त त्या खोल नक्षीत एव्हाना खिरेश्वरची निम्मी शेती भरली होती, आणि व्याख्याते दर चार पावलांना काडी घेऊन स्वतःचे बूट नांगरत होते.

पुढचा ओढा गुडघ्याएवढा होता. वॉटरप्रूफ छाती काढून उतरले. बूट बोलल्याप्रमाणे वागला. कडेनं थेंब आत घेतला नाही, वरून मात्र पाटच्या पाट घेतला. जो बूट बाहेरचं पाणी आत घेत नाही, तो आतलंही बाहेर सोडत नाही. ओढा मागे राहिला, पण त्याचा काही भाग वॉटरप्रूफ यांच्याबरोबर पचक-पचक करत खिंडीपर्यंत चालत आला. मामांच्या बुटातलं पाणी भोकांतून केव्हाच गळून गेलं होतं.

टोलार खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी टेकलो, तेव्हा माळा यांचे बूट हसले. आधी उजवा, मग त्याला सोबत म्हणून डावा. “अहो, पण चारदासुद्धा घातले नाहीत!” ते कळवळून म्हणाले. पण अशा बुटांच्या सोलमध्ये पॉलीयुरेथेनचा मऊ थर असतो, आणि हवेतला दमटपणा तो थर वर्षानुवर्षं आतून कुजवत राहतो. बूट पायात असो की माळ्यावर, वय व्हायचं ते होतंच. वरून लेणं, आतून भुसा. पायजम्याची नाडी सोलभोवती गुंडाळून माळा पुन्हा उभे राहिले. पायजम्याचं पुढे काय, हे आम्ही विचारलं नाही.

खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो. बर्फात टणक सोल उपयोगी, बुटाच्या टोकानं पायरी खणता येते. ओल्या बेसॉल्टवर मात्र रबर मऊ हवं, दगडाला चिकटून बसणारं. हिमालय रेलिंगला लटकून हे तत्त्व सिद्ध करत होते. त्यांच्या बाजूनं ॲक्शनवाले झपझप निघाले, आणि हिरव्यागार शेवाळावर तेही ओळीनं बसले. मामा वरून शांतपणे म्हणाले, “साहेब, बूट काय करंल? पाय कुठं ठिवायचा ते तुमीच बगायचं ना.”

गडावर केदारेश्वराच्या गुहेत सगळ्या बुटांची किंमत एकच झाली. पिंडीभोवती बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि प्रदक्षिणा अनवाणी. पाय बधिर झाल्यामुळे कुणाचा बूट कुठे चावत होता, हे कुणालाच आठवेना.

रात्री झोपडीत पिठलं-भाकरी खाताना वॉटरप्रूफ यांनी बूट चुलीला चिकटवून ठेवले. झोपडीतल्या मावशींनी ते काठीनं मागे सारले. “डिंक सुटंल की त्याचा!” उपाय जुनाच: आतली पट्टी काढायची, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ओले झाले की बदलायचे. अग्रलेखाचं पान पाणी जास्त पितं असा माळा यांचा दावा होता.

दुसऱ्या दिवशी उतरणीनं बोटांचा हिशेब चुकता केला. दुकानात नेमका बसलेला बूट उतारावर तोकडा पडतो. पाय पुढे सरकतो, अंगठा आपटतो आणि नख काळं पडतं. म्हणून बूट घ्यावा संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचे जाड मोजे घालून, बोटांपुढे जागा ठेवून. उतरण्याआधी नखं कापावीत, घोट्यापाशी लेस आवळावी. ही सगळी माहिती हिमालय यांनी आम्हाला उतरून झाल्यावर दिली.

गावात चहा होईपर्यंत गटाचं मतपरिवर्तन पूर्ण झालं होतं. वॉटरप्रूफ यांनी मामांच्या पायांकडे बोट दाखवून हळूच विचारलं, “मामा, हे कुठं मिळतात?”

“ओतूरच्या बाजारात.”

“नऊ नंबर असेल?”

मामांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं. “नंबर हाय. पर तुमी येताना माझेच पाय भाड्यानं घ्या, सस्त्यात पडंल.”