साहेब मेट्रोत

मुंबई विमानतळाच्या टी-टू मेट्रो स्थानकात सरकत्या जिन्यावरून आधी सॅक दिसते, मग तिच्याखालचा साहेब. सैल विजारीवर हत्ती छापलेले. हत्ती बँकॉकच्या फुटपाथवरचे, पण भारतात खपून जातात. सॅकमध्ये डास, ऊन आणि पाणी या आपल्या तिन्ही दैवतांवरचे उतारे. एक्स-रे यंत्र सॅक गिळतं, सुरक्षारक्षक त्याला हात वर करायला लावून चाचपतो. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासून धावतेय, पण तिकीट काढून आलेल्या माणसाचं रोज असं स्वागत तिथे होत नाही. साहेब खूश. आला एकदाचा इंडिया!

पुढे मात्र सगळंच बिघडतं. फलाटाला काचेची दारं, डब्यात गारवा. जुलैत लंडनच्या सेंट्रल लाइनने घामाघूम होऊन ऑफिस गाठणारा हा गडी इथे कुडकुडतो. मिठी नदी डोक्यावरून जाते, पाठोपाठ धारावी. जी धारावी बघायला त्याने आगाऊ पैसे भरून गाइड ठरवलाय, तिच्या खालून जाताना त्याला दिसतो फक्त काळोख आणि काचेत स्वतःचा चेहरा. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, तिकीट ७० रुपये, आणि वहीत लिहायला एक गाय नाही!

नाही म्हणायला धारावीच्या आधी, बीकेसीला थोडी गंमत होते. उतरणाऱ्यांना वाट द्यावी म्हणून तो सभ्यपणे बाहेर येतो, मग चढणाऱ्यांना 'आधी तुम्ही' म्हणत थांबतो. गाडी निघून जाते. पुढच्या गाडीलाही त्याचं तेच चालतं, तेव्हा एक काकू सॅकचा पट्टा धरून त्याला आत ओढतात. हा हक्काचा माणूस. आता चौकशी आलीच. कंट्री कुठली? मॅरेज झालं? नाही? मग मदर काय म्हणते?

मदरचा विषय संपतो, तसा अख्खा डबा कान टवकारतो. शेवटी कुणीतरी विचारतंच, "लंडनपेक्षा बरी ना आमची मेट्रो?"

"व्हेरी क्लीन," साहेब म्हणतो.

सकाळी आपणच फरशी पुसल्यासारखे सगळे फुलतात. तेवढ्यात तो हळूच विचारतो, "ती लोक लटकतात ती ट्रेन कुठे मिळेल?"

डबा गप्प. काकूंचा चेहरा पडतो. त्याला गर्दी हवी असते, आपल्याला शाबासकी. सत्तर रुपयांत कुणाचं किती समाधान होणार? कोपऱ्यातून एकजण नाइलाजाने सांगतो, "चर्चगेटला उतरा. वर गेलात की लोकलच लोकल."

तुमच्या वाट्याला असा साहेब आला, तर त्याला संध्याकाळी सहाच्या विरार फास्टजवळ फिरकू देऊ नका. 'आधी तुम्ही' म्हणणारा माणूस तिथे रात्रीपर्यंत फलाटावरच राहील. दुपारची बोरिवली स्लो गाठून द्या. खिडकी मिळेल, फोटोही येतील, आणि चढताना काकूंची गरज पडणार नाही.