हुजूर, मजूर आणि दोरीची पेन्सिल

कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीला ‘हुजूर पक्ष’ आणि लेबर पार्टीला ‘मजूर पक्ष’ असं ज्या कुणा मराठी संपादकाने पहिल्यांदा म्हटलं, त्याचा मरणोत्तर का होईना, शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. अख्खं विलायती राजकारण त्याने एका यमकात बसवलं. हुजूर हुजुरांना मत देणार, मजूर मजुरांना. हेच सांगायला तिकडच्या प्राध्यापकांना जाडजूड ग्रंथ लिहावे लागले आणि तरी एक कोडं उरलंच. देशात हुजूर मूठभर, मजूर ढीगभर, मग विसाव्या शतकातली बहुतेक वर्षं राज्य हुजुरांचं कसं? तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात साधारण तिनातला एक मजूर हुजुरांना मत देत होता. राज्य करावं साहेबाने, आपण रांगेत उभं राहावं, ही त्यातल्या पुष्कळांची भावना. ती आपल्याला ओळखीची वाटली तर निव्वळ योगायोग समजावा.

आता ते यमकही बिघडलंय. २०१९ मध्ये बोल्सोव्हर या कोळशाच्या पट्ट्यातल्या मतदारसंघाने, १९७० पासून निवडून येणाऱ्या डेनिस स्किनर या जुन्या खाणकामगाराला घरी बसवून हुजूर निवडला. मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर ज्या सेजफील्डमधून २४ वर्षं खासदार होते, तेही हुजुरांकडे गेलं. उलट २०२४ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये, जिथे एका फ्लॅटच्या किमतीत आपल्याकडे वाडीच्या वाडी येईल, तिथे मजूर जिंकला. २०१९ च्या निकालानंतर पाहणीवाल्यांनी हिशेब मांडला तो वर्गाचा नाही, वयाचा. ३९ च्या आतले बहुधा मजूर, त्यापुढचे बहुधा हुजूर. चाळिशी लागली की हुजूर स्पष्ट दिसू लागतात!

पण पक्षांना वय, वर्ग, शिक्षण असल्या कोरड्या गोष्टींत रस नसतो. त्यांना एक माणूस हवा असतो, ज्याला पटवलं की राज्य मिळतं. ब्लेअरनी १९९६ च्या भाषणात अशा एकाची गोष्ट सांगितली. प्रचाराला गेले असताना तो आपली फोर्ड सिएरा धूत-पुसत होता. आता माझं स्वतःचं घर आहे, मी हुजुरांचा, असं तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं ‘माँडेओ मॅन’. बिचाऱ्याची गाडीसुद्धा बदलून टाकली, त्याला न विचारता. मग वूस्टरची बाई आली, २०१९ ला वर्किंग्टनचा बाप्या आला. हे लोक प्रत्यक्षात कुणी पाहिलेले नाहीत, पण त्यांच्या आवडीनिवडी प्रत्येक प्रचारप्रमुखाला तोंडपाठ. आपल्याकडच्या ‘सामान्य माणसा’ची ही चुलत भावंडं.

खऱ्या मतदाराने तरी खरं सांगावं? तेही नाही. इंग्रज माणूस दारात आलेल्याला ‘नाही’ म्हणत नाही. १९९२ मध्ये बहुतेक चाचण्या सांगत होत्या की मजूर पक्ष निदान काठावर तरी तरेल. पेट्या उघडल्या तर हुजुरांचे जॉन मेजर साडेसात टक्के मतांनी पुढे. चाचण्या चुकल्या त्याची कारणं बरीच सांगतात, त्यातलं एक म्हणजे हुजुरांना मत देणारे लोक ते सांगायला लाजत होते. लाजतात, आणि देतात! निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘द सन’ या वर्तमानपत्राने निवडणूक आपणच जिंकून दिल्याचं पहिल्या पानावर छापलं. ‘द सन’ला लाज हा प्रकार तेव्हाही नव्हता.

धोरण बघून मत देतात, असं मानणाऱ्यांनी मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते एड मिलिबँड यांची कथा वाचावी. २०१४ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोर बेकन सँडविच खाल्लं. चावताना तोंड वाकडं झालं. ते वाकडं तोंड वर्षभर देशभर फिरलं आणि २०१५ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी ‘द सन’ने पुन्हा पहिल्या पानावर लावलं. आपले पुढारी वडापाव कसा खातात ते आठवा. कॅमेरा दिसला की पहिला घास शेजारच्या कार्यकर्त्याच्या तोंडात. हे ज्ञान विलायतेत पोचलेलं नाही.

याच मिलिबँडनी मतदानाआधी चार दिवस साडेआठ फूट उंच दगडावर सहा आश्वासनं कोरून घेतली. दिली वचनं मोडणार नाही, म्हणून दगड. शिलालेखांचा आम्हाला बऱ्यापैकी अनुभव आहे. सम्राट अशोकाने लढाई जिंकून मग दगड कोरायला घेतला होता, हा क्रम महत्त्वाचा. मिलिबँड हरले. पुढे निवडणूक खर्चाच्या हिशेबात दगड वगैरे नोंदवायचे राहिले म्हणून पक्षाला २०,००० पौंड दंड झाला.

आणि मग आपले जावई. २०२२ च्या ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऋषी सुनक हुजुरांचे नेते झाले. सासऱ्यांची कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झालेली, त्यामुळे आम्हीही हक्क सांगून पेढे वाटले. २२ मे २०२४ रोजी जावयांनी पंतप्रधाननिवासाच्या, म्हणजे दहा नंबरच्या, दारात उभं राहून निवडणूक जाहीर केली, ती धो धो पावसात, छत्रीशिवाय. सूट चिंब, आणि फाटकाबाहेर कुणीतरी मजूर पक्षाचं १९९७ चं प्रचारगीत मोठ्याने लावलेलं. आमच्याकडे सात जूनच्या आशेवर छत्र्यांच्या काड्या दुरुस्त करून ठेवतात. जावयांना कुणीच कसं सांगितलं नाही? पुढे ६ जूनला नॉर्मंडीत महायुद्धात दोस्तांचं सैन्य उतरल्याचा ऐंशीवा स्मृतिसोहळा अर्धवट सोडून ते टीव्हीच्या मुलाखतीला परतले, आणि त्याच मुलाखतीत लहानपणी आपल्याला काय मिळालं नाही असं विचारल्यावर म्हणाले, स्काय टीव्ही. त्यांच्याआधीच्या लिझ ट्रस ४९ दिवसांत गेल्या होत्या, पण तेवढ्यात लोकांच्या घराच्या कर्जाचे हप्ते वाढवून गेल्या. मला विचाराल तर ओला सूट, सोहळा, स्काय हे सगळं तोंडीलावणं. मुख्य ताट त्या हप्त्याचं होतं.

त्या ४ जुलैला मी मेव्हण्याकडे हॅरोला होतो. मेव्हणा कामाच्या व्हिसावर, पासपोर्ट आपला निळा, अशोकस्तंभाचा. तरीही त्याला तिथे मत आहे, कारण राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये राहत असल्यास मत देता येतं. ओळखपत्र म्हणूनही तोच पासपोर्ट चालतो. म्हाताऱ्यांचा बसपास चालतो, कॉलेजच्या पोरांचा रेल्वेपास मात्र चालत नाही. (नियम हुजुरांनी केला. चाळिशीचं वर सांगितलंच आहे.) मेव्हणा आत गेला. मत नसलेला मी दारात. तेवढ्यात एका आजीबाईंनी हसून आपल्या कुत्र्याची साखळी माझ्या हातात दिली आणि त्याही आत गेल्या. एवढी जुनी लोकशाही कामाला लागली असताना मी तिचं कुत्रं सांभाळत होतो.

आजी दोन मिनिटांत परतल्या. शाई नाही, यंत्र नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची, झालं. कुणाला दिलंत, असं तिथे विचारत नाहीत, पण कुत्र्यामुळे थोडी ओळख झाली होती. म्हणाल्या, “यांनी आता जायला हवं.” मी विचारलं, “मग यावं कुणी?” “ते पुढचं पुढे बघू.”

माझ्या मते सगळी पाहणी इथे संपते. २०१७ मध्ये मजूर पक्षाच्या जेरेमी कॉर्बिन यांना जवळपास १ कोटी २९ लाख मतं पडली, ४० टक्के, आणि ते हरले. २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या कीर स्टार्मर यांना ९७ लाख पडली, ३३.७ टक्के, आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. लोक स्टार्मरांच्या प्रेमात पडले नव्हते, सुनकांचं सामान टेंपोत चढलेलं त्यांना बघायचं होतं. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२. ‘इथे हुजुरांना आम्हीच पाडू शकतो’ असं स्तंभालेख काढून दारोदार टाकण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही, स्तंभांची उंची आकड्यांशी जुळली नाही तरी चालतं. या मोजणीला हसावं, तर हीच पद्धत ते आपल्याला देऊन गेलेत.

मेव्हण्याच्या हॅरो ईस्टने मात्र हुजूरच निवडला, आणि तोही निम्म्याहून जास्त मतांनी, जे त्या दिवशी हुजुरांना देशात दुसरीकडे कुठेच जमलं नाही. मेव्हण्याने कुणाला दिलं ते त्याने बहिणीलाही सांगितलेलं नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. परदेशातल्या भारतीयाला मत देता येतं, फक्त नाव नोंदवून, तोच निळा पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. मी मेव्हण्याला फोन केला. विमानाचं भाडं बघून तो आला नाही.