ह्रस्वदीर्घकाका

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर पाणीपुरीची गाडी दिसल्यावर ज्याच्या तोंडाला पाणी सुटण्याऐवजी कपाळाला आठ्या पडतात, तो ह्रस्वदीर्घकाका समजावा. गाडीवर 'पाणीपूरी' लिहिलेलं असतं. "पहिला, पहिला!" काका उकाराकडे बोट दाखवून ओरडतात. भैया गर्दी बाजूला सारून पहिली प्लेट त्यांच्याच हातात देतो.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' असतं. लेखकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून. शेजारी लाल बॉलपेन. बदलापूर लोकलमध्ये कुणी "सीट भेटली" म्हणालं, की चौथ्या सीटवर अर्धे लटकलेले काका विचारतात, "काय म्हणाली? घरी सगळे बरे ना?" एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, सिंधी दुकानदाराची हिंदी आणि भाजीवाल्या मावशींची आगरी ऐकत वाढलेल्या पोराला यात चूक काय तेच कळत नाही. ते जागा देऊन मोकळं होतं.

शेजारची भाषाविज्ञान शिकणारी मुलगी मात्र वस्ताद. "काका, शाळेत तुम्ही 'नाहीं' लिहायचात ना?" काका गप्प. कारण मास्तरांनी छड्या मारून शिकवलेली ती टिंबं मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी १९६२ साली काढून टाकली. ते नियम चौदा; १९७२ साली आणखी चार आले. ज्या टिंबावाचून मार खाल्ला, तेच टिंब चूक ठरलं! पूर्वी एकाच 'घरांत' माणसं सुखाने राहत; आता टिंब दिलं की घरं अनेक होतात. काकांचं वन-रूम-किचन तेवढंच राहिलं.

खुद्द स्टेशनच्या पाटीचाही प्रश्न आहेच. संस्कृतच्या शिस्तीत दोन महाप्राण एकमेकांना जोडत नाहीत, तिथे 'ट्ठ' हवा. मराठीने बिनदिक्कत 'ठ्ठ' केला. यावर काका फक्त हात जोडतात. विठोबाला लाल पेन लावायचं धाडस अजून झालेलं नाही.

पण काकांना नुसतं हसून चालत नाही. सोसायटीच्या फळ्यावर एकदा १ मेला 'महाराष्ट्र दीन चिरायू होवो' असं झळकलं. गरीब महाराष्ट्राला दीर्घायुष्य! सगळे झेंडावंदन करून, बटाटेवडे खाऊन घरी गेले. वेलांटी बदलायला खडू घेऊन एकटे काका थांबले. बोलणाऱ्याच्या तोंडाला त्यांनी कुलूप लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फळा मात्र त्यांच्याच ताब्यात असावा.

तेव्हा महापालिकेला तुंबलेल्या गटाराचा अर्ज द्यायचा असेल, तर मसुदा आधी काकांना दाखवा. आणि त्यात एखादी चूक मुद्दाम ठेवा. निर्दोष कागद पाहिला, की ते तो तीनदा वाचतात आणि अर्ज आठवडाभर अडकतो.