राजाला एकट्याने जेवायचं होतं

तक्रार करावी असं त्या दिवशी काही घडलं नाही. बस वेळेवर आली, हॉटेलात गरम पाणी होतं, पासपोर्ट कुणाचाही हरवला नाही. अशा दिवसांची तक्रार कुणी करत नाही आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं तसेच चालू राहतात. तेव्हा ही नोंद.

मुक्काम इन्सब्रुकला होता आणि दिवस बव्हेरियातल्या राजवाड्यांचा होता. टूर मॅनेजरने आदल्या रात्री ‘पाच-सहा-सात’ जाहीर केलं होतं. पाचला उठवणार, सहाला नाश्ता, सातला बस. हा मुलगा अतिशय गुणी आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त तो माणसं मोजतो. चढलो की मोजतो, उतरलो की मोजतो, स्वच्छतागृहातून बाहेर आलो की मोजतो. आकडा जुळला की ‘गणपती बाप्पा’ म्हणतो आणि चाळीसेक माणसं ‘मोरया’ म्हणतात. एका दिवसात बाप्पाला आल्प्समध्ये किती हेलपाटे पडले, ते त्यालाच ठाऊक.

बसमधल्या जागा रोज बदलतात. हे न्यायाचंच आहे. त्या न्यायाने डोंगररस्त्याच्या दिवशी बायको आणि मी शेवटच्या रांगेत होतो. शेवटच्या रांगेतून निसर्ग प्रथम ऐकू येतो. पुढचे लोक ‘अगं बाई!’ म्हणतात, मग ‘गेलं!’ म्हणतात, आणि त्यानंतर आपल्या खिडकीत झाडं येतात. चालक मात्र सुखी होता. युरोपातल्या नियमाने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते आणि टॅकोग्राफ नावाचं यंत्र त्यावर पहारा ठेवतं. आमच्यात ज्याच्या विश्रांतीला कायद्याचं संरक्षण होतं असा तो एकटाच. गाडी थांबली की तो दार ओढून घेऊन कॉफी पीत बसायचा आणि त्याला कुणीही ‘बरं वाटत नाही का?’ असं विचारत नव्हतं.

पहिला राजवाडा लिंडरहोफ. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग १८६४ साली अठराव्या वर्षी गादीवर आला आणि पुढे त्याने जे मोठे राजवाडे बांधायला काढले, त्यातला त्याच्या हयातीत पुरा झालेला हा एकच. राजाला माणसं सोसत नसत. म्हणून इथल्या जेवणघरात अशी योजना आहे की टेबल जमिनीतून खाली मुदपाकखान्यात उतरायचं, तिथे त्यावर ताटं मांडायची आणि मग ते तसंच वर यायचं. वाढप्याचं तोंड दिसायला नको. हे ऐकताना मला जे वाटलं, त्याला भक्ती हाच शब्द आहे. पण गटाचं एकमत झालं की बिचाऱ्याला घरचं कुणी नव्हतं. डोंबिवलीच्या काकूंनी तर खालून आलेलं गरम राहत असेल का, अशी शंका काढली. गाइडबाईंनी ती प्रामाणिकपणे ऐकून घेतली.

शेजारीच आरसेमहाल आहे. समोरासमोर आरसे, त्यामुळे आत उभा असलेला माणूस अनंतापर्यंत दिसतो. एकटा राजा तिथे रात्री वाचत बसायचा तेव्हा ते शोभून दिसत असेल. आम्ही सगळे एकदम आत गेलो. विंडचीटर आणि पाठीवरच्या पिशव्यांसह आमचा गट दूरवर जितका पसरलेला दिसला, तितके लोक कंपनीने अजून नेलेले नसावेत. मॅनेजरनेही तिथे मोजायचा नाद सोडला.

दुपारचं जेवण पार्किंगमध्ये झालं. जिरा राइस, दाल, पनीर. उभ्याने. जमिनीतून काही वर आलं नाही. मी डबा घेऊन जरा लांबच्या बाकावर बसलो, तर तीन जण पाठोपाठ आले. पहिल्याने लोणचं दिलं, दुसऱ्याने ठेपले दिले आणि तिसऱ्याने, काकूंशी काही झालं का, असं हळूच विचारलं. इथे काकू म्हणजे माझी बायको, ती अंताक्षरीच्या दोन्ही संघांची पंच होती आणि मजेत होती.

दुसरा राजवाडाही लुडविगचाच, नॉयश्वानस्टाइन. त्याचं तिकीट वेळेचं असतं. पाटीवर आपला क्रमांक उमटला की आत शिरायचं. चुकलं तर चुकलं. त्यामुळे सगळे एक तास आधी डोंगर चढून पोचले आणि वाट पाहू लागले. पायथ्याचा पिवळा होहेनश्वांगाऊ, जिथे लुडविगचं लहानपण गेलं, तो कार्यक्रमात ‘फोटो थांबा’ होता. थांबा झाला. घोडागाडी ‘समाविष्ट नाही’ या सदरात होती आणि तीही थेट दारापर्यंत जात नाही, हे पैसे देऊन झाल्यावर कळतं.

आमच्यात पुण्याचे एक जुने ट्रेकर आहेत. वाड्याच्या दारात त्यांनी वर-खाली पाहिलं आणि विचारलं, ‘जंग्या कुठायत?’ तटाला जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं, नाहीत, चोरदरवाजा नाही, पाण्याचं टाकं नाही, मग हा लढायचा कसा? वास्तविक हा कधी लढायचाच नव्हता. पाया १८६९ साली घातलेला, मध्ययुगीन किल्ल्याचा नुसता देखावा. त्याची चित्रं ख्रिस्तियान यांक या रंगभूमीच्या नेपथ्यकाराने काढलेली. आतून विटा आणि बाहेरून चुनखडीचा दगड. शिवाय गरम हवेची व्यवस्था, फ्लशचे संडास आणि टेलिफोन. ट्रेकरकाकांना आणखी एक सल होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले, म्हणजे महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतली जिंजी, जागतिक वारशात घेतले, त्याच बैठकीत लुडविगचे हे वाडेही घेतले. ‘राजगडाच्या पंगतीला हे!’ असं ते गाइडबाईंना इंग्रजीतून समजावू लागले, तेव्हा आमच्या अर्ध्या तासाच्या फेरीतली चार मिनिटं गेली.

निवृत्त बँक मॅनेजरांचा प्रश्न वेगळा होता. या फेरीत चढायच्या पायऱ्या १६५ आणि उतरायच्या १८१, असं कुठेतरी लिहिलेलं त्यांनी वाचलं. मग वरच्या सोळा कुठून आल्या? बाहेर पडायची वाट खालच्या अंगाने आहे, हे मी सांगून पाहिलं. नोंद जुळत नाही, एवढंच ते म्हणाले. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाही, कारण ते बसवण्याआधी राजाच गेला. तिथेही त्यांनी मान हलवली. राजा कर्ज काढून बांधत होता आणि कर्ज शेवटी सुमारे एक कोटी चाळीस लाख मार्कांवर गेलं होतं, हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. आत फोटो काढायला बंदी आहे. ‘मग आत जायचं तरी कशाला?’ असं ठाण्याच्या एक बाई म्हणाल्या, आणि राजाच्या पलंगावर चौदा कारागीर चार वर्षांहून जास्त काळ काम करत होते, हे त्यांनी गिफ्ट शॉपमधल्या पोस्टकार्डावर पाहून घेतलं.

लुडविगचं पुढे काय झालं ते गाइडबाईंनी दोन वाक्यांत उरकलं, कारण मागचा गट दारात आला होता. जून १८८६ मध्ये डॉ. बर्नहार्ड फॉन गुडेन आणि आणखी तीन तज्ज्ञांनी राजाला वेडा ठरवलं. गुडेननी त्याला तपासलं नव्हतं. लोकांनी सांगितलेल्या लक्षणांवरून काम भागलं. एकट्याने जेवतो, रात्री जागतो, माणसं टाळतो. राजाला याच वाड्यातून उचलून बर्ग इथे नेलं. दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, डॉक्टर त्याच्यासोबत तळ्याकाठी फिरायला गेले आणि दोघांचेही मृतदेह पाण्यात सापडले. सात आठवड्यांनी, १ ऑगस्टला, वाडा तिकीट लावून लोकांसाठी उघडला. तो अजून उघडाच आहे.

खाली उतरायला पाऊण तास होता. मी मारिएन पुलावर गेलो. खाली खोल घळ, समोर वाडा. पुलावर शे-दीडशे माणसं होती, पण त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं, हे मोठंच सुख. सुमारे सहा मिनिटं टिकलं. मग फोन वाजला. खाली आकडा जुळत नव्हता.

बसमध्ये कुणी रागावलं नाही. मॅनेजर म्हणाला, ‘काका, सांगून जात जा हो, आम्हाला काळजी वाटते.’ टाळ्या झाल्या. कुणीतरी ओवा दिला. मग त्याने ट्रेकरकाकांना बोलावून घेतलं, त्यांच्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलला आणि यापुढे आमच्या काकांबरोबर तुम्ही राहायचं, असं माइकवरून जाहीर केलं. बायको उठून अंताक्षरीच्या रांगेत गेली. ट्रेकरकाका शेजारी बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, ‘आता तुम्हाला खरा किल्ला सांगतो.’ गुंजवणे गावातून आम्ही राजगड चढायला सुरुवात केली. इन्सब्रुक आलं तेव्हा पद्मावती माची पुरी होऊन सुवेळा चालू होती. संजीवनी उद्या. बालेकिल्ला, त्यांच्या मते, घाईघाईत उरकण्यासारखा नाही.